रेवाच्या नोंदी : देवपूर, धुळे

२२ सप्टेंबर २०२४
रेवा आली. पिवळी लॅब्रॅडॉर, मादी, नऊ आठवड्यांची. विसर्जन होईपर्यंत पिल्लू धुळ्यात न्यायचं नाही असं पुण्याच्या ट्रेनर ताईंनी आधीच बजावलं होतं, कारण आठ ते अकरा आठवडे हे वय नाजूक, या काळात एखादी भीती बसली की ती सहसा जात नाही, आणि आमच्याकडच्या मिरवणुकीतला डीजे तर मोठ्या माणसालाही सहन होत नाही. मनमाडच्या पुढे एकदा उलटी केली, बाकी सगळा रस्ता आमच्या ओमच्या मांडीवर झोपून.

काम काय आहे ते सुरुवातीलाच लिहून ठेवते म्हणजे घरातल्यांनाही वाचता येईल. रेवा आपली नाही. साधारण सव्वा वर्ष सांभाळायची, मग परत ताईंकडे, तिथे खरं ट्रेनिंग, आणि त्यात पास झाली तर एखाद्या दृष्टिहीन किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाबरोबर काम करेल. नाही जमलं तर चांगल्या घरी पाळीव म्हणून जाईल. अमेरिका-इंग्लंडात हे काम करणाऱ्या मोठमोठ्या शाळा आहेत आणि तिथेही पद्धत हीच, पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की स्वयंसेवकाच्या घरी आणि वर्ष-दीड वर्षाचं झालं की परत शाळेत. आपल्याकडे मोजके लोक स्वतःच्या हिमतीवर हे करतात. खाणं आणि वेळ आमचा, लसी आणि तपासण्यांचा खर्च ताईंचा ग्रुप करणार.

२७ सप्टेंबर
सध्या सगळा दिवस शी-शू मध्येच जातोय. झोपून उठली की बाहेर, खाल्लं की बाहेर, खेळून झालं की बाहेर, रात्री दोनला पण बाहेर. पट्टा लावूनच न्यायचं, अंगणातल्या त्याच कोपऱ्यात उभं राहायचं, ती करायला लागली की हळूच "बिझी" म्हणायचं आणि झालं की लगेच खाऊ. काही आठवड्यांत तो शब्द ऐकूनच करते म्हणतात. सासूबाईंनी विचारलं एवढा सोपस्कार कशाला, कुत्रं आपापलं जातंच की. पण ज्याला दिसत नाही त्याला कुत्र्याने कुठे केलं हे कळणार कसं आणि तो उचलणार कसं? म्हणून सांगितल्या जागी, सांगितल्या वेळी, पट्ट्यावर असताना. हे त्यांना लगेच पटलं आणि आता दुपारची पाळी त्यांची आहे.

३ ऑक्टोबर
घटस्थापना. लसींचा कोर्स पूर्ण झाला नाही म्हणून रस्त्यावर खाली सोडायचं नाही, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची भीती. पण जगाची ओळखही याच वयात व्हायला हवी, तीन ते चौदा आठवड्यांच्या आत जे बघितलं-ऐकलं ते पिल्लाला कायमचं नॉर्मल वाटतं. म्हणजे उचलून फिरवायचं. सकाळी कडेवर घेऊन एकवीरा देवीच्या रस्त्याला गर्दीच्या कडेने फिरवलं, घंटा, ढोल, नारळ फोडल्याचा आवाज, सगळं ऐकलं. प्रत्येक नवीन आवाजाला एक दाणा.

ताईंनी दिलेल्या इंग्रजी पुस्तिकेत ओळख करून द्यायच्या गोष्टींची यादी आहे. लिफ्ट, सरकता जिना, हॅट घातलेला माणूस, हेअर ड्रायर. चांगली आहे पण ती आपल्या गावची नाही. मी दुसरी वही केली : पिठाची गिरणी, बोअरची मोटार, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई, टोपीवाले बाबा, बुरख्यातल्या बायका, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, भंगारवाल्याचा भोंगा, काळीपिवळीचा हॉर्न, मिरची कांडप, मोकाट गाय, पाचकंदीलची संध्याकाळची गर्दी. ती काम करणार ते इथे नाहीतर इथल्यासारख्याच गावात, मग इथल्याच गोष्टी हव्यात ना.

१५ ऑक्टोबर
आज पांढऱ्या काठीचा दिवस, म्हणून मुद्दाम गुरुजींना घरी बोलावलं. ते संगीत शिकवायचे, आता रिटायर, लहानपणापासून दिसत नाही, देवपूरभर काठीने एकटे फिरतात. रेवाला मांडीवर घेतलं आणि कान, पंजे, दात सगळं हाताने बघितलं. तिने बघू दिलं, कारण रोज आम्ही तेच करतो, अनोळखी हातांची सवय.

त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते. पहिला, कुत्रा लाल-हिरवा सिग्नल ओळखतो का? नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा वेगळे दिसतात, लाल-हिरव्यात त्याला फारसा फरक कळत नाही. कधी ओलांडायचं ते माणूसच ठरवतो, गाड्यांचा आवाज ऐकून, आणि तो "फॉरवर्ड" म्हणतो. पण समोरून गाडी येत असेल तर कुत्रा पाऊल टाकत नाही, हुकूम असला तरी. विचार करून हुकूम मोडणं, आणि ते ट्रेनिंगमधलं सगळ्यात अवघड. दुसरा प्रश्न, मग रस्ता कुत्र्याला पाठ असतो का? रस्ता माणसाच्या डोक्यात, खड्डा-खांब-पायरी कुत्र्याच्या नजरेत. गुरुजी म्हणाले, "म्हणजे तंबोरा त्याचा आणि गाणं माझंच." मला फार आवडलं ते.

मग इतिहास निघाला. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला १९१६ मध्ये पहिली शाळा निघाली. अमेरिकेतला मॉरिस फ्रँक नावाचा दृष्टिहीन तरुण स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची जर्मन शेफर्ड घेऊन आला, १९२८ मध्ये न्यूयॉर्कचा वर्दळीचा रस्ता पत्रकारांसमोर तिच्याबरोबर ओलांडला, आणि पुढच्या वर्षी तिथली पहिली शाळा, सीइंग आय, सुरू झाली. इंग्लंडात १९३१. गुरुजी थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "शंभर वर्षं होत आली, आपल्याकडे कोणी कधी सांगितलंही नाही हो ताई."

१ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. दसऱ्यापासून मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून तिला जेवण देत होतो, रोज जरासा मोठा करत. आज मागच्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा फुल, चघळायला हाड. बारा वाजेपर्यंत जागी होती पण थरथरली नाही. सुतळी बॉम्बला कान उभे केले आणि परत हाडाकडे वळली. छान!

२४ नोव्हेंबर
लसी पूर्ण, रेबीजची पण. या आठवड्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी गल्लीत उतरली आणि खरा प्रश्न समोर आला.

आमच्या गल्लीत पाच कुत्री. कालू, त्याची आई, दोन भुरे आणि एक लंगडी. रेवा गेटच्या बाहेर आली की पाचही जणं धावून येतात. मी तिला उचलू शकते, दगड उचलल्यासारखं वाकू शकते, समोरून येताना बघून दुसऱ्या बाजूला वळू शकते. ज्याला दिसत नाही तो यातलं काय करेल? पट्ट्याच्या टोकाला घाबरलेला कुत्रा, चारी बाजूंनी भुंकणारी टोळी, आणि मध्ये माणूस. परदेशी पुस्तिकेत "मोकळी कुत्री" या विषयाला एक परिच्छेद आहे, तोही बागेत मालकाने सोडलेल्या कुत्र्याबद्दल. गुरुजींना विचारलं तर म्हणाले मला तर काठी बघूनच भुंकतात, त्यांना वाटतं मारायलाच आणली, मी रोज सकाळी दुधाला जाताना जीव मुठीत घेऊन जातो. इतकी वर्षं ते शेजारी राहतात आणि हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे रेवा कितीही तयार झाली तरी गल्ली तयार नसेल तर तिचा उपयोग शून्य. आजपासून वहीत दोन भाग. एक रेवाचा, एक गल्लीचा.

८ डिसेंबर
गल्लीचा भाग. कालूच्या टोळीला खायला गेटसमोर देणं बंद केलं, आता सकाळी सहाला रिकाम्या प्लॉटच्या कडेला, ठरलेल्या जागी. कारण कुत्रं जिथे खातं ती जागा राखतं, गेटवर खाल्लं तर गेटवर येणाऱ्याला भुंकणारच. पोट भरलेली कुत्री पण शांत पडून राहतात. शेजारच्या आबांनी विचारलं, "हाई कुत्रं शे का पाव्हना शे व माय, त्यानाकरता आखी गल्ली हालाडी राहिनी तू?" सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आबांच्या घरची शिळी भाकरी प्लॉटवर यायला लागली.

रेवाचा भाग. वीस पावलं लांब उभं राहायचं, ती कालूकडे बघते, मी काही बोलत नाही, ती माझ्याकडे बघते, खाऊ. एवढंच. ती माझ्याकडे वळेनाशी झाली की अंतर कमी पडलं समजायचं आणि मागे यायचं. वाहतुकीत, गर्दीत, मांजरीसमोर, सगळीकडे पाया हाच. ट्रेनर ताई म्हणतात तुम्ही तिला वाट दाखवायला शिकवूच नका, ते हार्नेस, म्हणजे माणसाने धरायची दांडी असलेला अंगपट्टा, लावून आम्ही शिकवू, तुम्ही तिला फक्त कशाचंच नवल न वाटणारी करा.

१९ जानेवारी २०२५
नसबंदी आणि रेबीज. नियम २०२३ चे आहेत, प्राण्यांच्या जन्म नियंत्रणाचे, त्यात जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे आणि ऑपरेशननंतर कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. खूण म्हणून कानाला खाच. गल्लीत हे समजावताना सगळ्यात जास्त वेळ "मग परत कशाला आणता, लांब सोडा ना" याच्यावर गेला. लांब सोडलं की रिकाम्या जागेत दुसरी येतात, लस नसलेली, अनोळखी, आणि पहिल्यापासून भांडणं सुरू. ओळखीची, लस झालेली, पिल्लं न होणारी पाच कुत्री त्यापेक्षा केव्हाही बरी. शेवटी अर्ज केला, सह्या गोळा केल्या, आणि तोपर्यंत रेबीजच्या लसी आम्ही गल्लीच्या वर्गणीतून डॉक्टरांना घरी बोलावून दिल्या. लंगडीला पकडायला ओमच गेला, ती फक्त त्याच्याकडे येते.

संक्रांतीचा मांजा अजून झाडांवर लटकतोय, रेवाच्या पायात गुंतता गुंतता राहिला. रोज सकाळी फिरायच्या आधी ओम आणि त्याचे मित्र गल्लीतला मांजा गोळा करतात.

१६ फेब्रुवारी
सेटल. म्हणजे चटई टाकली की तिथे झोपायचं आणि सांगेपर्यंत उठायचं नाही. हायवेवरच्या ढाब्यावर गेलो, मालकांना आधी फोन करून विचारलं होतं, ते म्हणाले आणा की ताई, त्यात काय. टेबलाखाली चटई, वर शेवभाजी, शेजारच्या टेबलावर कळण्याची भाकरी आणि ठेचा, खाली पडलेले पापडाचे तुकडे. रेवाचं नाक सारखं त्या तुकड्यांकडे.

ती भुकेली का असते याचं कारण वाचलं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लॅब्रॅडॉरमधला एक जनुकीय बदल शोधला, पीओएमसी नावाच्या जनुकाचा लहानसा तुकडाच गळालेला असतो आणि अशा कुत्र्याची भूक जास्त असते. पाळीव लॅब्रॅडॉरमध्ये तो साधारण चारातल्या एकात सापडला, आणि इंग्लंडातल्या असिस्टन्स डॉगमध्ये, म्हणजे अशा मदतनीस कुत्र्यांमध्ये, तब्बल तीन चतुर्थांशांत. म्हणजे खाण्यासाठी शिकायला तयार असणारी कुत्रीच पिढ्यानपिढ्या या कामासाठी निवडली गेली असणार. जे शिकवायला सोपं करतं तेच रस्त्यावर अवघड करतं. आणि शेवभाजीत कांदा-लसूण, दोन्ही कुत्र्याला विषारी. द्राक्षं-मनुकेही. हे सगळ्या पाहुण्यांना दारातच सांगते.

त्याच आठवड्यात एका बँकेत वॉचमनने आत येऊ दिलं नाही. वाद घातला नाही. जॅकेटवर "प्रशिक्षणार्थी" लिहिलंय, तरी सवय नाही लोकांना. मॅनेजरना पत्र दिलं, सोमवारी दुपारी गर्दी नसताना दहा मिनिटं बसू देतील का विचारलं. दिलं बसू. आता तोच वॉचमन तिला ओळखतो.

२३ मार्च
धुळे स्टेशन. चाळीसगावची गाडी सुटते त्या वेळी प्लॅटफॉर्मवर नुसतं बसायचं. छोटं स्टेशन, गर्दी कमी, म्हणून सुरुवातीला अगदी योग्य. इंजिनच्या भोंग्याला दचकली, अंग झटकलं, आणि माझ्याकडे बघितलं. दचकणं चालतं, परत किती पटकन सावरते ते मोजायचं असतं.

१३ एप्रिल
ऊन. फिरायची वेळ पहाटे साडेपाच आणि रात्री नऊ नंतर. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवायची, सात सेकंद ठेवता आली तरच तिचे पंजे खाली. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंज्यांच्या गाद्यांना जरासा, बाकी सगळं धापा टाकूनच. नॉर्मल तापमान ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस, ४१ च्या वर गेलं की उष्माघात. थर्मामीटर फ्रिजवर ठेवलाय. भिजवलेलं गोणपाट कूलरसमोर अंथरलं की ती पोट टेकवून पसरते. कालूच्या टोळीसाठी आबांनी प्लॉटवर मातीची कुंडी ठेवली, पाणी रोज बदलायचं.

एक मात्र ताईंना स्पष्ट लिहून कळवलं. खान्देशात एप्रिल-मे मध्ये असा कुत्रा दिवसा काम करूच शकणार नाही. ज्याच्याकडे जाईल त्याला हे आधीपासून माहीत पाहिजे, उन्हाळ्यात काठी आणि ओळखीची माणसं लागणारच. तिला बूट घालून बघितले, चालते, पण बुटांनी धाप कमी होत नाही.

३० एप्रिल
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आणि योगायोगाने आजच जागतिक गाईड डॉग दिवस, दृष्टिहीनांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांचा, पण, तो एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी असतो. घरात माझ्या दोन्ही नणंदा मुलाबाळांसह माहेरी आलेल्या, अंगणात झोका, गौराईची गाणी, आमरस, सांजोऱ्या, आणि या सगळ्याच्या मध्ये रेवा चटईवर. हलत्या झोक्याच्या मागे धावायची तिला खूप इच्छा, पुढचे पाय नाचत होते, पण उठली नाही. पाच वर्षांच्या भाचीने शेपूट ओढली तर तोंड चाटलं.

आबांच्या घरच्या आजी बघत होत्या. म्हणाल्या, "पोर सासरले जाई तशी जाई ना व ही पण? मग इतला जीव कसाले लावी राहिनी?" मी म्हटलं जीव न लावता ती माणसावर विश्वास ठेवायला शिकणारच नाही. हे मी आजींना नाही, खरंतर ओमला सांगत होते. तो तिकडे तोंड करून बसला होता.

१५ जून
रेवा पहिल्यांदा माजावर आली. तीन आठवडे गल्ली बंद, फक्त मागचं अंगण. कालूचं ऑपरेशन झालंय तरी बाहेरच्या वस्तीतले नर रात्रभर गेटवर. नसबंदीचा निर्णय ताई आणि त्यांचे डॉक्टर घेतील. घरात बसून हँडलिंग केलं, कान साफ, नखं, दात, गोळी गिळणं. गोचिड पण फार निघाली या पावसात, गोचिडीचा ताप इकडे नेहमीचा, म्हणून रोज रात्री बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या मागे चाचपून बघायचं.

३ ऑगस्ट
कानबाई, आमच्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण. शेजारी रात्रभर जागरण, संबळ आणि गाणी. रेवा अकरा वाजता झोपली.

२२ ऑगस्ट
पोळा. सजवलेले बैल गल्लीतून गेले, रेवा भिंतीला चिकटून बसली आणि बघत राहिली, वहीतल्या घुंगरमाळा आज खऱ्या अर्थाने पूर्ण.

संध्याकाळी बातम्या. दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा ११ तारखेचा आदेश सुप्रीम कोर्टाने बदलला. नसबंदी, लस, जंतनाशक देऊन कुत्री होती तिथेच सोडायची, रेबीज झालेली किंवा फार आक्रमक असलेली सोडून. आणि रस्त्यावर कुठेही खायला घालायचं नाही, त्यासाठी ठरवून दिलेल्या जागा हव्यात. गल्लीतली माणसं माझ्याकडे आली, आपला प्लॉट चालेल का विचारायला! उद्या महापालिकेला त्या जागेबद्दल लेखी अर्ज. चावलेल्या मुलांच्या आईबापांचा राग मला समजतो, तो खोटा नाही. पण कुत्री नाहीशी होणार नाहीत, मग गुरुजींसारख्या माणसाला सकाळी दुधाला जाता येईल अशी गल्ली हवी असेल तर हे रोजचं काम कोणीतरी करावंच लागेल.

५ ऑक्टोबर
गुरुजी, रेवा आणि मी दूध डेअरीपर्यंत. ते काठीवर, रेवा त्यांच्या डाव्या हाताला, पट्टा माझ्याकडेच, कारण वाट दाखवणं तिला अजून शिकवलेलं नाही आणि तसं भासवायचंही नाही. फक्त दृष्टिहीन माणसाच्या चालीची, काठीच्या टकटकीची सवय. प्लॉटजवळून गेलो. कालूने मान वर केली आणि परत टाकली. लंगडी उठून ओमला शोधत बाजूने निघून गेली. भुऱ्यांपैकी एक भुंकला, दोनदा, जागेवरूनच. गुरुजी थांबले नाहीत, चालत राहिले आणि परत येताना म्हणाले, "ताई, हा कुत्रा मला मिळो न मिळो, हा रस्ता मला मिळाला."

२६ ऑक्टोबर
रेवा पुण्याला. चटई, वही आणि तिचं गोणपाट बरोबर दिलं. ओम रडला, सासूबाई त्याच्यापेक्षा जास्त. मी परतीच्या रस्त्याला येवल्यापर्यंत काही बोलू शकले नाही.

१६ नोव्हेंबर
ताईंचा फोन. खुब्याचा एक्स-रे चांगला, लॅब्रॅडॉरमध्ये तीच मोठी काळजी असते. डोळ्यांची तपासणी पण ठीक. आवाजाला घाबरत नाही, रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे बघते आणि सोडून देते, हे त्यांच्याकडच्या बाकी पिल्लांना अजून जमत नाही. खाण्याचं मात्र अजून आहे, पदपथावर वडापावचा कागद दिसला की मान खाली. या आठवड्यात हार्नेस. गाईडचं काम की व्हीलचेअरचं ते सहा महिन्यांनी ठरेल, आणि दोन्ही नाही असंही होऊ शकतं.

गल्लीचा भाग : प्लॉटवर नवीन काळी कुत्री आलीय, कानाला खाच नाही, पोट मोठं. डॉक्टरांना मंगळवारी बोलावलंय. कालूच्या टोळीची रेबीजची पुढची लस जानेवारीत, वर्गणीची वही यंदा आबांकडे. ताईंकडे फेब्रुवारीत पिल्लं होणार आहेत, यादीत आमचं नाव घातलंय, आणि घराची पाहणी करायला येतील तेव्हा गल्ली पण बघा असं त्यांना कळवलंय.